आधी टीबी, मग मुंबई

माझ्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि टीबी, असे दोन्ही रोग एकाच वेळी होते. हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "दोन्ही? असं कसं होईल?" जणू रोगांनी आपसांत पाळ्या लावून घ्यायच्या असतात. होतं तसं. एकाच माणसाला, एकाच फुफ्फुसात. मी फार्मसी शिकलेय, रोह्याच्या बाजारात एका औषधाच्या दुकानात इतकी वर्षं उभी आहे, त्यामुळे असं होऊ शकतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण पुस्तकात दादा नसतो.

दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साचे भरणारे, घासणारे, रंग मारणारे पेणमध्ये पुष्कळ आहेत, चांगली आखणी करणारे थोडे. मूर्ती पुरती रंगून झाली की शेवटी आखणीवाल्यासमोर येते. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अगदी फिकट तांबूस छटा. ती छटा जरा जास्त झाली तर देव चिडलेला दिसतो, कमी झाली तर झोपेतून उठवल्यासारखा. रेघ ओढताना दादा श्वास धरायचा. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसून श्वास धरायचे आणि दर वेळी मीच आधी हरायचे. गिऱ्हाईक कारखान्यात येऊन विचारायचं, आखणी कोणाची? मालक दादाकडे बोट दाखवायचा. दादाला त्याचा गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

या धंद्याची पेणला एक रीत आहे. हंगाम चढला की गणपती जाईपर्यंत कोणी आजारी पडत नाही. म्हणजे पडतात, पण तसं म्हणत नाहीत. दाढ दुखत असो, हर्निया असो, मुलीला बघायला यायचे असोत, सगळ्याला एकच उत्तर, गणपती गेले की बघू. आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षं या एका वाक्यावर अडलं होतं. दादाचा खोकला वाढला तेव्हा तोही त्याच यादीत गेला. प्लास्टरची धूळ आहे, गूळ खा, उतरेल, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. तिथे गुळाचा डबा असतोच.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मात्र वहिनीने मला फोन केला. मी दुकानातून तशीच उठले, गाडी पकडून पेणला गेले आणि दादाला जवळजवळ ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला. खरं सांगते, मला हायसं वाटलं. टीबी बरा होतो. सहा महिने गोळ्या, विषय संपला. पण छातीच्या फोटोत एक गाठ दिसत होती आणि ती तिथल्या डॉक्टरांना आवडली नाही. मग पनवेलला स्कॅन, मग मुंबईला तुकडा काढून तपासणी. गाठ कॅन्सरची होती.

मुंबईच्या डॉक्टर बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी दादाकडे बघून, सावकाश, त्याला समजेल असं सांगितलं. "केमो दिली की अंगातली ताकद उतरते. टीबी तसाच असला तर तो मोकाट सुटेल. म्हणून आधी टीबी ताब्यात आणू. दोन महिने गोळ्या घ्या, एक दिवससुद्धा चुकवू नका. मग थुंकी तपासू आणि केमो सुरू करू. गाठ अजून एका जागी आहे. वेळ आहे, पण फार नाही."

परत येताना गाडीत दादा बाजारहाटाची यादी पाठ केल्यासारखा म्हणत होता, "आधी टीबी, मंग मुंबई. आधी टीबी, मंग मुंबई. ठरला."

घरी आल्यावर वहिनीने आपल्या मनाने एक निर्णय घेतला. कॅन्सर सगळ्यांना सांगायचा, टीबी कोणाला नाही. कॅन्सर म्हटला की आळीतल्या बायका डबे घेऊन येतात, हात हातात धरून बसतात. टीबी म्हटला की उंबऱ्याबाहेरून चौकशी होते आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी तो कोणाला तरी आठवतो. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिची तपासणी झाली होती, ती सुदैवाने साफ निघाली होती. मी वहिनीवर ओरडले. लोक जवळ येऊन बसतात, त्याला मास्क लावायला लाव, निदान लहान मुलं तरी आणू नका म्हणून सांग.

"वन्सं, तुमी ओरडाल आन् रोह्याला जाल," ती म्हणाली. "मला हितं रव्हायचा हाय."

शेवटी डॉक्टरांनी जंतुसंसर्गाची भीती घातलीये, असं सांगून आम्ही माणसं तोडली. मालक चांगला निघाला. त्याने दादाला कारखान्यात बोलावलं नाही, रंगवलेल्या मूर्ती टेम्पोने घरी पाठवायला लागला. पडवी मोकळी होती, वारा खेळता होता, दादा एकटाच तिथे मूर्तींसमोर बसायचा. मला ते पटलं. काम असलं की माणूस घाबरत नाही, असं मी म्हटल्याचं आठवतं.

आता मी केलेल्या गोष्टीकडे येते. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळाल्या होत्या. तिथल्या बाईंनी सांगितलंच होतं, पण मी औषधवाली बहीण, मला पुन्हा सांगितल्याशिवाय चैन कुठली. मी पाकीट दादासमोर ठेवलं आणि समजावून दिलं. उपाशीपोटी घ्यायच्या. लघवी केशरी होईल, घाबरायचं नाही, उलट ती केशरी झाली म्हणजे औषध पोटात गेलं. मळमळेल. "आणि डोळ्यांकडे लक्ष ठेव," मी म्हटलं. "या एका गोळीत चार औषधं आहेत. त्यातलं एक क्वचित डोळ्यांवर जातं. धुरकट दिसायला लागलं, लाल आणि हिरवा यातला फरक कळेनासा झाला, तर लगेच मला फोन कर."

हेच मी काउंटरवरून कितीतरी लोकांना सांगितलंय. रिक्षावाले, कंपनीतले कामगार, मास्तर. माना डोलावतात आणि जातात. दादाने मान डोलावली नाही.

"लाल-हिरवा?" त्याने विचारलं.

"क्वचित रे. फार थोड्यांना."

"आन् मंग ते परत येता?"

"गोळी थांबवली की बहुतेक वेळा परत येतं."

मी स्वतःवर खूश होते. डोळ्यांवर पोट असलेल्या माणसाला डोळ्यांबद्दल सावध केलं, बहिणीचं आणि फार्मसीचं काम एकदम केलं. त्याला पेणमधल्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन, महिन्याला तपासू, बिघडायच्या आत कळेल, एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला हवं होतं. ते मला सुचलं नाही. भीती मी दिली आणि उपाय द्यायचा राहिला.

दर गुरुवारी दुकान बंद असतं. मी सकाळच्या गाडीने पेणला जायचे. कासू स्टेशन गेलं की उठून दाराशी उभी राहायचे, जसं काही त्यामुळे गाडी लवकर पोचणार होती. पडवीत दादा, त्याच्यापुढे ओळीने आंधळे गणपती. "घेतोस ना?" मी विचारायचे. "व्हय गो," तो म्हणायचा आणि रिकाम्या पट्ट्या ठेवलेली पिशवी माझ्यापुढे करायचा. पट्ट्या बरोबर असायच्या. पहिल्या पंधरा दिवसांत ताप गेला, तो दोन घास जास्त जेवायला लागला. मग पुन्हा वजन उतरायला लागलं, पुन्हा घाम. मी वहिनीला म्हटलं, हा कॅन्सर आहे, टीबीवर औषध चालू आहे. दोन रोग एका घरात असले की हीच मोठी सोय होते. जे काही बिघडेल ते दुसऱ्याच्या नावावर टाकता येतं.

गणपती आले आणि गेले. त्या वर्षी दादाने आखलेल्या मूर्ती नेहमीपेक्षा जास्त होत्या, कारण त्याने पडवीतून उठायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. दोन महिने भरले. थुंकी तपासायची होती आणि केमोच्या आधी मुंबईला लघवीची तपासणीही हवी होती. मी दोन्हींच्या बाटल्या घेऊन गेले. दादाने लघवीची बाटली आणून माझ्या हातात दिली.

ती पिवळी होती. साधी, फिकट पिवळी.

"सकाळची गोळी घेतलीस?" मी विचारलं.

"घेतली की."

"दादा."

बाटली माझ्या हातात तशीच होती आणि मला तिच्यावरून नजर काढता येत नव्हती. मग तो उठला, पडवीच्या कोपऱ्यात गेला. तिथे सोंड तुटलेली एक खंडित मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. अशा मूर्ती आतून पोकळ असतात. त्याने मागच्या भोकातून कागदाचा बोळा उपसला आणि हात घालून मूठभर गोळ्या बाहेर काढल्या. मग आणखी एक मूठ. विटकरी रंगाच्या गोळ्या, दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या.

"फेकल्या नाय मी," तो म्हणाला. "औषध फेकू नये. देवाच्या पोटात ठेवल्या."

"का?"

"तूच बोललीस ना, लाल-हिरवा. चार-पाच दिस मला कोपऱ्यातली छटा नीट दिसेना. मंग थांबवल्या. आता गणपती गेले. आता घेतो, बघ." आणि त्याने ती मूठ खरंच तोंडाकडे नेली, जणू दीड महिन्याची बाकी एका दमात भरून काढणार होता. मी त्याच्या हातावर फटका मारला. गोळ्या पडवीभर उडाल्या. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुला मरायचंय का, असंही म्हणाले. दुपारची वेळ होती, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, तरी मी थांबले नाही.

दादा मला बोलू देत राहिला. मी दमले तेव्हा म्हणाला, "पुढल्या वर्सी मी असेन का नाय, तुला तरी ठावूक हाय का? ह्या वर्साचे डोळे तरी नीट जाऊ देत, म्हटला."

हे ऐकून मला गहिवरून वगैरे आलं नाही. संताप आला. त्याच्यावर आला आणि त्याहून जास्त माझ्यावर, कारण त्याचा गुन्हा माझ्याच वाक्यात बसत होता. मी सांगितलेलं त्याने अक्षरशः पाळलं होतं, फक्त फोन करायचं तेवढं सोडून दिलं होतं.

थुंकीत जंतू होतेच. नशिबाने नेहमीच्या गोळ्या लागू पडतील असा निर्वाळा आला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. आता मी कोणावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ कॉल. दादाने गोळ्या जिभेवर ठेवायच्या, पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी रंगांचे तक्ते दाखवून तपासलं आणि सांगितलं की डोळे ठणठणीत आहेत, वयाप्रमाणे चष्म्याचा नंबर तेवढा बदललाय. छटा दिसत नव्हती ती जुन्या चष्म्यामुळे. दादा हे ऐकून हसला. मला हसता आलं नाही.

दिवाळीनंतर त्याची पाठ दुखायला लागली. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. स्कॅन झाल्यावर त्याच डॉक्टर बाईंनी दादाला वजन करायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. आत मी आणि वहिनी.

"पाठीच्या कण्यात गेलाय, लिव्हरमध्येही," त्या म्हणाल्या. "आता केमो झेपणार नाही, मी देणार नाही. दुखणं कमी करायची औषधं देते, ती चांगली आहेत. टीबीच्या गोळ्या मात्र सोडू नका. घरात मुलगी आहे."

"मंग केमो सुरू कदी करायची?" वहिनीने विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनीचा हात धरला.

दादा वजनाची चिठ्ठी घेऊन परत आला. "काय बोलल्या?"

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. डॉक्टर समोर होत्या, त्यांनी मदत केली असती. माझ्या तोंडून निघालं, "आधी टीबी..."

"मंग मुंबई," त्याने पुरं केलं आणि समाधानाने मान हलवली.

मी ते तसंच राहू दिलं. एक तर त्याच्या चेहऱ्याकडे बघून जीभ उचलेना. दुसरं कारण लिहायला मला लाज वाटते. मला वाटलं, केमोच्या आशेवर तरी हा गोळ्या नीट घेईल. एकदा जास्त बोलून हात पोळले होते, म्हणून या वेळी कमी बोलायचं ठरवलं. याला मी शहाणपण समजत होते. येताना वडखळला गाडी थांबली, दादा पाय मोकळे करायला उतरला, तेव्हा मी वहिनीला सगळं नीट सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "ह्यांना नका सांगू," एवढंच म्हणाली. दादा परत आला तो दोन वडे घेऊन. एक त्याने खाल्ला. डॉक्टर बाईंनी वजन वाढवायला सांगितलंय, म्हणाला. तसं त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर माझ्या भावाइतका आज्ञाधारक रुग्ण मी पाहिला नाही. अंडी खायचा, आवडत नव्हती तरी. काठी धरून पडवीत फेऱ्या मारायचा, दुखलं की थांबायचा, पुन्हा चालायचा. सकाळच्या कॉलवर मी विचारायच्या आधी सांगायचा, "आज पन केशरी!" जसं काही परीक्षेत पहिला आलाय. मी म्हणायचे, शाब्बास. इकडे त्याचे खांदे शर्टातून वर यायला लागले होते. दुखण्याचं औषध वाढवलं तेव्हा तो म्हणाला, केमो लागली की हे पन थांबेल. कारखान्याच्या मालकाला त्याने निरोप धाडला की पुढच्या हंगामाला जरा उशिराने येईन, माझी जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका. मालकाने मला फोन करून विचारलं, काय सांगू? मी म्हटलं, हो म्हणा. एकदा लपवायचं ठरलं की माणसं गोळा करत जावी लागतात.

भाचीला सगळं कळलं होतं. कोणी सांगितलं माहीत नाही. "आत्या, बाबांना सांगणार कधी?" तिने एकदा फोनवर विचारलं. मी म्हटलं, टीबीचा रिपोर्ट येऊ दे, मग बघू. तोंडातून शब्द गेल्यावर लक्षात आलं की मी पेणचीच आहे.

रिपोर्ट एका गुरुवारी आला. मी स्टेशनवरून परस्पर दवाखान्यात गेले आणि कागद हातात घेतला. जंतू नाहीत. मी तिथल्या बाकावर बसले. मला आनंद झाला, हे खोटं नाही. मुलगी सुटली, वहिनी सुटली. मग वाटलं, हा कागद आज पर्समध्येच राहू दे, दादाला पुढच्या गुरुवारी सांगू, त्याच्या पुढच्या गुरुवारी सांगू. एवढ्यात तिथली ताई म्हणाली, "काकांना सकाळीच फोन केला मी. बिचारे रोज विचारायचे ना!"

घरी पोचले तर दादा खाटेच्या कडेवर बसला होता. दाढी केलेली. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, हात वर जात नव्हता म्हणून वहिनी त्याची बटणं लावत होती. शेजारी फायलींची पिशवी, तिच्यावर टॉवेल आणि पाण्याची बाटली. वहिनीने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तिच्यात तोंड उघडायची ताकद नव्हती, ते मला करायचं होतं.

"गेला गो टीबी!" दादा म्हणाला. "गाडी सांग. आज निघालो तर उद्या सकालच्याला नंबर लागेल."

मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं. मुंबईला त्या दिवशी दार लोटल्यावर जे झालं ते सगळं, न थांबता, त्या डॉक्टर बाईंच्याच शब्दांत. वहिनी बटण धरून तशीच उभी राहिली. दादा खाली बघत ऐकत होता. मग वर बघून म्हणाला,

"म्हंजे तुला दिवालीपास्ना ठावूक हाय."

"हो."

"मी रोज सकाली केशरी, केशरी सांगत व्हतो, तेव्हा पन?"

"हो," मी म्हटलं.

त्याने माझ्या हातांतून हात काढून घेतले.